ताऱ्यांचा वारा आणि खोडदची दुर्बीण

अहिल्यानगर शहरानजीक नागापूर येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. विजेचे यंत्र सुरू झाले, कोठे ठिणगी उडाली, की जवळच्या रेडिओत खरखर उमटते, हा अनुभव श्रोत्यांना नवा नाही. ऐकणाऱ्याला ही खरखर निव्वळ उपद्रव वाटते. परंतु ज्योतिःशास्त्राचा एक नवा अध्याय अशाच खरखरीतून उघडला. अमेरिकेतील कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता १९३२ च्या सुमारास बिनतारी टेलिफोनातील व्यत्ययांचा माग काढीत होता. त्यांतील एक अखंड सूर आकाशगंगेतून येत आहे, असे त्याच्या ध्यानी आले. आकाश पाहावयाचे तसे ऐकावयाचेही असते, हे तेव्हापासून मनुष्यास कळले.

तारा म्हणजे अढळपणाची मूर्ती, अशी जुनी समजूत होती. तिला हंस तारकासमूहाने मोठा धक्का दिला. १६०० साली विलेम ब्लाऊ या डच नकाशाकाराने तेथे एक नवा तारा पाहिला. तो पुढे मंदावला आणि काही वर्षांनी पुन्हा उजळला. १८६७ साली पॅरिसच्या वेधशाळेतील वोल्फ व राये यांस त्याच समूहातील तीन ताऱ्यांच्या वर्णपटांत विलक्षण रुंद, तेजस्वी पट्टे दिसले. त्यांचा अर्थ लागण्यास साठ वर्षे लोटावी लागली. हे तारे आपल्या अंगचा वायू प्रचंड वेगाने चोहीकडे फेकीत असले पाहिजेत, असे १९२९ साली कॅनडातील बील्स याने सुचविले. १९६५ साली रॉकेटातून मृगातील ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेण्यात आले. तेथेही सेकंदाला हजार किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा आढळला.

वारा सूर्यालाही आहे, पण त्याचा हात फार आखडता. आजच्या गतीने साडेचार अब्ज वर्षांत सूर्याचा जेमतेम दहा-हजारावा हिस्सा झिजला असता. वोल्फ-राये जातीचा तारा मात्र लाखभर वर्षांतच अवघ्या एका सूर्याइतके द्रव्य उधळून टाकतो. त्याचा प्रखर प्रकाशच वायूला बाहेर लोटीत नेतो.

ही उधळपट्टी मोजावयाची कशी? येथे रेडिओ उपयोगी पडतो. वाऱ्यातील इलेक्ट्रॉन धनभारित कणांजवळून जाताना वळतात आणि वळताना रेडिओलहरी सोडतात. वारा जितका दाट, तितक्या लहरी प्रबळ. ब्लाऊच्या ताऱ्याकडून आलेल्या अशा लहरींची नोंद १९७३ साली प्रसिद्ध झाली. १९७५ साली राईट व बार्लो यांनी, आणि स्वतंत्रपणे पानाजिया व फेल्ली यांनी, त्यांचे गणित मांडले. ताऱ्याचे अंतर व वाऱ्याचा वेग ठाऊक असला, की लहरींच्या तीव्रतेवरून वर्षाची झीज काढता येऊ लागली. हिशेब सुबक होता. परंतु त्यात वारा एकसारखा पसरलेला आहे असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो गुठळ्यागुठळ्यांनी वाहतो, आणि दाट गुठळी आपल्या वाट्याहून अधिक लहरी सोडते. त्यामुळे पुष्कळ जुने आकडे दोन-तीन पटींनी फुगलेले ठरले.

नागापूरपासून जवळजवळ थेट पश्चिमेस, सुमारे ७० किलोमीटरांवर, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात खोडद हे गाव आहे. डोंगरांनी वेढलेल्या आणि रेडिओच्या गोंगाटापासून दूर असलेल्या या प्रदेशात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या, १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात. २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांस खुली आहे.

ही दुर्बीण लांब लहरींची आहे. एकट्या ताऱ्याचा वारा त्या लहरींत फार क्षीण दिसतो. परंतु दोन महाकाय तारे परस्परांभोवती फिरत असले, की त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात. तेथे वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि लांब लहरी जोमाने निघतात. त्यांतील काही भाग वाटेत वाराच गिळून टाकतो. किती गिळला, यावरून वाऱ्याची दाटी उमगते. २०१८ साली प्रकाशात आलेल्या ‘अपेप’ नामक जोडीचा असा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. खोडद व ऑस्ट्रेलिया येथील दुर्बिणींनी मिळून पाहिले, तो लांब लहरींकडे जाताना तिचे तेज एकाएकी शंभरपटींनी घटलेले आढळले.

हा हिशेब चोख का असावा? तारा जन्मभर किती उधळतो, यावर मरतेसमयी काय उरते हे ठरते. २०१५ साली गुरुत्वलहरी प्रथम सापडल्या, तेव्हा एकमेकांत मिसळलेली कृष्णविवरे सुमारे ३६ व २९ सूर्यांइतकी भारी निघाली. इतके द्रव्य शिल्लक राहिले कसे? जड मूलद्रव्ये कमी असलेल्या ताऱ्यांत प्रकाशाला वायू लोटण्यास पकड मिळत नाही, वारा मंद वाहतो आणि तारा पुष्कळ काही राखून मरतो, असे त्याचे उत्तर दिले जाते. असल्या लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

नागापूरच्या यंत्रांवर हजारोंची चूल पेटते, आणि खोडदचे काम शांततेवर चालते. म्हणून त्या परिसरात कारखाना किंवा मोबाईलचा मनोरा उभारताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. ताऱ्यांची झीज सांगणारा तो सूर अतिशय हलका आहे. तो ऐकावयाचा, तर भोवतालच्या माणसांनी थोडी शांतता राखलीच पाहिजे.