रजोनिवृत्तीनंतरची हाडे आणि स्तनाचा कर्करोग : शतकभराच्या संशोधनाचा मागोवा

उर्दूत पाळी कायमची थांबण्याच्या वयाला 'सिन-ए-यास' म्हणतात. शब्दशः अर्थ, निराशेचे वय. मराठी वैद्यकीय लेखनात 'रजोनिवृत्ती' हा शब्द रूढ आहे. घरात बायका 'पाळी गेली' एवढेच म्हणतात. पाश्चात्त्य भाषांतील 'मेनोपॉज' हा शब्द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ मध्ये प्रचारात आणला. तिन्ही शब्द काय संपले ते सांगतात. त्यानंतर शरीरात काय सुरू होते, याची दखल एकही शब्द घेत नाही. वैद्यकशास्त्राचेही बराच काळ तसेच होते. वाकलेली पाठ हा म्हातारपणाचा भाग समजला जाई आणि स्तनातील गाठ हा वेगळाच विषय होता. या दोहोंना जोडणारा धागा कसा सापडला आणि त्यासाठी स्त्रियांना कोणती किंमत मोजावी लागली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धाग्याचे पहिले टोक ग्लासगोत सापडले. शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला : स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय काढल्यावर तिची गाठ विरत गेली. अंडाशय काढलेली गाय अधिक काळ दूध देते, ही पशुपालकांची माहिती त्यांच्या विचारामागे होती. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा शोध तेव्हा लागायचा होता. दुसरे टोक बोस्टनला सापडले. फुलर अल्ब्राइट यांनी १९४०-४१ च्या सुमारास दाखवून दिले, की मणके खचून येणाऱ्या त्यांच्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया पाळी गेलेल्या होत्या, आणि इस्ट्रोजेन दिल्यास हाडांतील कॅल्शियमची गळती आटोक्यात येते. म्हणजे जे संप्रेरक हाड राखते, तेच स्तनातील गाठीला पोसते. दोन्ही गोष्टी १९४१ पर्यंत ज्ञात होत्या. पण त्या एकत्र वाचण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन १९४२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार असल्याचे ठासून सांगितले, आणि गोळ्यांचा खप वाढत गेला. (निसर्गक्रमाला आजाराचे नाव मिळाले की औषध विकणे सोपे जाते, हे आपल्याकडेही पाहायला मिळते.) १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी धोक्याची घंटा वाजवली : या गोळ्या घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी पटींनी अधिक आढळला. तोडगा म्हणून प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक जोडण्यात आले. गर्भाशय सुरक्षित झाले. स्तनाचे काय, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर जुलै २००२ मध्ये मिळाले. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रकल्पात रजोनिवृत्त १६,६०८ स्त्रियांवर या जोडगोळीची चाचणी चालू होती. ती सरासरी ५.२ वर्षांनी, ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आणि खुब्याची ५ हाडमोडी कमी, असा हिशेब निघाला. शिवाय हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळ्या वाढल्या. हाडाला फायदा झाला, हे या आकड्यांनी नाकारले नाही. पण तो कोणत्या भावात पडला, तेही त्याच तक्त्यात लिहिलेले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटले. अनेक संशोधकांनी त्याचा संबंध गोळ्या सोडण्याशी जोडला. याच प्रकल्पाच्या दुसऱ्या शाखेत, गर्भाशय आधीच काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले. त्यांच्यात मात्र स्तनाचा कर्करोग वाढला नाही. 'हार्मोन्स वाईट' असे सरसकट विधान वर्गात किंवा घरात करताना हा भेद विसरू नये. पन्नाशीच्या आसपास तीव्र त्रास असलेल्या स्त्रीसाठी थोड्या मुदतीचा उपचार डॉक्टर आजही सुचवतात.

आता थोडे मागे जाऊ. १९९७ मध्ये अमेरिकेतील फ्रामिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून एक चकित करणारा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस ज्यांच्या हाताच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेतले होते, त्या १,३७३ स्त्रियांचा पुढील इतिहास तपासला असता, ज्यांची हाडे सर्वांत भरीव होती त्यांना स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सर्वांत विरळ हाडांच्या स्त्रियांपेक्षा सुमारे साडेतीन पट होते. हाड भरीव असल्याने कर्करोग होतो, असा याचा अर्थ नव्हे. जन्मभर शरीरात किती इस्ट्रोजेन वावरले, याची जणू वहीच हाड राखून ठेवते. पाळी गेल्यावरही चरबीच्या पेशींत थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. म्हणून स्थूल स्त्रीची हाडे टिकतात आणि स्तनाचा धोका वाढतो. 'हाडांचा रिपोर्ट उत्तम आला' म्हणून स्तनतपासणी टाळणाऱ्या बाईंना हे सांगितले पाहिजे. उलट हाडे विरळ असणे म्हणजे कर्करोगापासून अभय, असेही मुळीच नाही.

हाडाला जवळचे आणि स्तनाला दूरचे असे औषध मिळेल का? शोध वेगळ्याच वाटेने लागला. टॅमॉक्सिफेन हे औषध १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये गर्भनिरोधकाच्या शोधात तयार झाले, त्या कामी अयशस्वी ठरले आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी निघाले. इस्ट्रोजेनला रोखणारे औषध हाडे पोखरील, अशी भीती होती. व्हर्जिल क्रेग जॉर्डन यांनी १९८७ मध्ये उंदरांवर आणि विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांवर याच्या उलट दाखवले : स्तनात विरोधक असलेले हे औषध हाडात इस्ट्रोजेनसारखे वागते. त्याच कुळातील रॅलॉक्सिफेन हाडांसाठी वापरात आले. हाडे ठिसूळ झालेल्या ७,७०५ स्त्रियांच्या चाचणीत १९९९ मध्ये स्तनाचा कर्करोग ७६ टक्क्यांनी कमी दिसला. मणक्यांची मोड घटली, खुब्याची मात्र नाही, आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका राहिलाच. याच कुळातील सेंटक्रोमन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आणि १९९१ मध्ये 'सहेली' या नावाने गर्भनिरोधक म्हणून बाजारात आले. आपल्या सरकारी दवाखान्यांत ते 'छाया' नावाने मिळते.

हा सारा इतिहास वाचताना एक उणीव खटकते. वरील मोठ्या चाचण्यांत बहुसंख्य स्त्रिया गोऱ्या होत्या. हाडांच्या घनतेची उणे २.५ ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची सीमारेषाही तरुण गोऱ्या स्त्रियांच्या मापावर आखलेली आहे. भारतीय स्त्रीची चण लहान, आणि तिची पाळी सरासरी ४६ च्या सुमारास जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. तिच्या हातात पडणारा अहवाल मात्र बरेचदा त्याच मापाने मोजलेला असतो.

रजोनिवृत्त रुग्णांना आज बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल दिले जाते. ही औषधे चरबीत तयार होणारे उरलेसुरले इस्ट्रोजेनही बंद करतात. कर्करोग परतण्याचे प्रमाण घटते आणि हाडे वेगाने झिजतात. म्हणून ती सुरू करतानाच हाडांची घनता मोजावी, असा वैद्यकीय संकेत आहे. २०१५ मध्ये अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केल्यावर दिसले, की हाडे वाचवण्यासाठी दिलेल्या बिसफॉस्फोनेट गटातील औषधांनी रजोनिवृत्त रुग्णांत कर्करोग हाडात पसरण्याचे आणि त्याने मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी केले. तरी आपल्या इस्पितळांत स्तनाची फाइल एका मजल्यावर आणि हाडांची दुसऱ्या मजल्यावर असते, आणि दोन्ही घेऊन जिने चढणारी बाई बहुधा एकच असते.