डॅम्पर पुली (हार्मोनिक बॅलन्सर): निवडताना काय बघायचं?

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर जी जाड पुली दिसते, तिला आमच्याकडे सगळे नुसती 'पुली' म्हणतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात मात्र ती बहुतेक वेळा डॅम्पर असते, म्हणजेच हार्मोनिक बॅलन्सर. आत हब, बाहेर जड कडं आणि दोघांच्या मध्ये रबर. धाराशिव जिल्ह्यात उसाच्या हंगामात ट्रक एक दिवस उभा राहिला तरी परवडत नाही, म्हणून "लेथवर तसलीच पुली कातून घेऊ का?" असं मला विचारलं जातं. माझं उत्तर: नको.

प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला पीळ बसतो आणि सुटतो. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीनदा, म्हणजे 1800 आरपीएमला सेकंदाला 90 झटके. मागचं टोक फ्लायव्हीलच्या वजनाने आवरलेलं असतं, पुढचं मोकळं टोक जास्त पिळतं. झोक्याला नेमक्या वेळी धक्के दिले की तो चढत जातो ना, तसा ठरावीक वेगाला हा पीळ चढतो आणि शेवटी क्रँक तुटतो. ड्रायव्हरला सीटवर काही जाणवेलच असं नाही, हा यातला वाईट भाग. डॅम्परचं बाहेरचं कडं एकसारखं फिरायला बघतं आणि मधलं रबर तो पीळ झेलून त्याची उष्णता करतं. कातलेल्या पुलीवर बेल्ट व्यवस्थित फिरेल, पण हे काम होणार नाही. तीन सिलिंडरचा क्रँक आखूड, म्हणून ताठ असतो. अनेक ट्रॅक्टरना साधी पुली पुरते ती त्यामुळे. तो दाखला ट्रकला लावू नका.

रबरी डॅम्पर त्या एका क्रँकसाठीच जुळवलेला असतो. दुसरा प्रकार व्हिस्कस: बंद डब्यात घट्ट सिलिकॉन आणि त्यात तरंगणारं कडं. तो वेगाच्या मोठ्या पट्ट्यात काम करतो, म्हणून ताकद वाढवलेल्या, आरपीएम सतत बदलणाऱ्या इंजिनांना, अगदी स्पीडबोटीलाही, तो बरा. पण डब्याला पोचा आला की आतलं कडं अडकतं. पोचा काढत बसू नका, डॅम्परच बदला.

बोटींवरून आठवलं. फोर्डच्या 302 व्ही-8 इंजिनात क्रँकच्या तोलाचं काही वजन डॅम्परमध्येच असतं. जुन्याला 28 औंस-इंच, 1980 च्या दशकातल्याला 50. दिसायला जवळजवळ सारखेच, बोल्टही बसतात, पण चुकीचा लावला तर इंजिन थरथरतं. म्हणून कुठलंही इंजिन असो, पार्ट नंबर इंजिन नंबरावरून काढा. जुना पार्ट दाखवून "असाच द्या" म्हणणं धोक्याचं.

जुना डॅम्पर तपासायला दोन मिनिटं लागतात. अनेक रबरी डॅम्परवर हब आणि कडं दोन्हींवर खूण असते. त्या एकमेकींपासून सरकल्या असतील तर रबर सुटलंय. कमिन्सच्या काही इंजिनांसाठी ही मर्यादा साधारण 1.6 मिमी आहे. टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असेल तर तीही मग खोटी बोलते. रबराला चिरा, फुगवटा किंवा पुढच्या सीलमधून गळलेलं ऑइल दिसतंय का बघा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला रबरी डॅम्पर 'नवा' म्हणून घेऊ नका, रबर पडून पडूनही कडक होतं.

काढताना पुलर आतल्या हबला लावा, बाहेरच्या कड्याला नाही. बसवताना हातोडा बाजूला ठेवा, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.