पडद्यावरचे निसर्गचित्र आणि इंदूरची परंपरा

एखाद्या थोर चित्रकाराची शैली समोर ठेवून चित्र शिकणे म्हणजे नक्कल, आणि तीही टॅब्लेटच्या पडद्यावर केली तर दुहेरी नक्कल, असा समज आपल्याकडील जाणत्या घरांतूनही आढळतो. नातवंडांनी पडद्यावर रंगवलेली झाडे आणि डोंगर वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहतात. परंतु त्याला चित्रकला म्हणताना त्यांची जीभ अडखळते. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. हिरोशिगे या जपानी चित्रकाराने 1857 मध्ये पुलावर अकस्मात कोसळणाऱ्या पावसाचे एक मुद्राचित्र केले. तीस वर्षांनी, 1887 मध्ये, व्हॅन गॉगने पॅरिसमध्ये त्याची तैलरंगात प्रतिकृती केली. पुढे 1889-90 मध्ये सां-रेमी येथील रुग्णालयात असताना त्याने मिलेच्या शेतकरी-चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या प्रती पुढ्यात ठेवल्या आणि रंग मात्र स्वतःचे भरले. दुसऱ्याची संगीतरचना वादकाने आपल्या पद्धतीने वाजवावी, तसे हे काम आहे असे तो मानी. ही उपमा आपल्याला परकी वाटू नये. उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीत अब्दुल वहीद खाँ, रजब अली खाँ आणि अमान अली खाँ या तिघांचे संस्कार जाणकारांना ऐकू येतात. तरीही ती गायकी इंदूर घराण्याची म्हणूनच ओळखली गेली. गाण्यात ज्याला आपण तालीम म्हणतो, त्याला चित्रात नक्कल म्हणणे न्याय्य नाही.

आता घरचे उदाहरण. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी 1927 मध्ये इंदुरात चित्रकलेचे शिक्षण सुरू केले. होळकर संस्थानातील या शाळेने निसर्गचित्रणाला मोठे स्थान दिले. तेथून बाहेर पडलेल्या तिघांची नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. 1910 मध्ये इंदुरात जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे निसर्गचित्रकार म्हणून पुढे आले. मकबूल फिदा हुसेन यांचे घोडे जगभर गेले. विष्णू चिंचाळकर, म्हणजे इंदूरकरांचे ‘गुरुजी’, यांना वाळलेल्या पानांत आणि टाकाऊ वस्तूंत आकृती दिसत. एका गुरूच्या हाताखाली तिघे शिकले, तीन वाटांनी गेले आणि तिघांपैकी कोणीही दुसऱ्याची प्रत झाला नाही.

बेंद्रे यांनी हीच रीत पुढे बडोद्यास नेली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 मध्ये ललितकला विभाग सुरू झाला, तेव्हापासून ते तेथे शिकवू लागले. 1959 मध्ये ते अधिष्ठाता झाले आणि 1966 मध्ये त्यांनी ते पद सोडले. ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि लोककलांच्या छायाचित्रणाकडे वळले, गुलाममोहम्मद शेख कथनात्मक चित्रांकडे, शांती दवे अमूर्ताकडे. स्वतः बेंद्रे यांनीही एकाच शैलीला चिकटून राहणे पसंत केले नाही. आरंभीच्या निसर्गचित्रांनंतर त्यांनी घनवादाचा अभ्यास केला आणि उत्तरायुष्यात ठिपक्यांनी रंग लावण्याची पद्धत अंगीकारली. शैली ही त्यांच्या दृष्टीने राहण्याचे घर नव्हती, मुक्कामाची जागा होती.

पडद्याच्या माध्यमालाही आता इतिहास आहे. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने 2011 मध्ये यॉर्कशायरमधील वोल्डगेट या रस्त्यावरचा वसंतागम आयपॅडवर रेखाटला. ती चित्रे मोठ्या आकारात छापून 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडली गेली. हॉकनी यांच्यावर व्हॅन गॉगचा प्रभाव इतका स्पष्ट आहे की, 2019 मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने दोघांची चित्रे एकत्र दाखवली. जपानी मुद्राचित्रापासून आयपॅडपर्यंतची ही साखळी एकमेकांची शैली अभ्यासणाऱ्या हातांनीच जोडलेली आहे.

मग आज शिकणाऱ्याने काय करावे? समजा, बेंद्रे यांचे एखादे निसर्गचित्र अभ्यासासाठी निवडले. पहिली पायरी रंगाची नव्हे, छायाप्रकाशाची. चित्र प्रथम करड्या छटांत, तळहाताएवढ्या आकारात काढावे आणि उजेडाचे व सावलीचे मोठे भाग कोठे पडतात ते पाहावे. दुसरी पायरी रंगांची. मूळ चित्रातला रंग एका स्पर्शात उचलून देणारी सोय पडद्यावर असते. अभ्यासात ती बंद ठेवावी. डोळ्याने अंदाज करावा, मग ताडून पाहावे. शिक्षण होते ते या दोहोंमधल्या फरकात. येथे माध्यमाचा एक भेदही ध्यानात येतो. जलरंगात निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा होतो. पडद्यावर मात्र भडक निळ्यावर तितकाच भडक पिवळा अर्धपारदर्शक थर सामान्यतः करडा दिसतो, कारण तेथे रंगद्रव्ये मिसळत नाहीत, प्रकाश मिसळतो. तिसरी आणि अखेरची पायरी म्हणजे मूळ चित्र मिटून ठेवणे आणि तीच दृष्टी घेऊन स्वतःच्या परिसरातील जागा रंगवणे. पातालपाणी असो वा मांडूची टेकडी, तेथे उसने काय आणि आपले काय ते लगेच कळते.

एक व्यवहाराची बाब. आपल्या कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. बेंद्रे 1992 मध्ये निवर्तले. म्हणजे 2052 अखेरपर्यंत तो राहील. खाजगी अभ्यासासाठी प्रत करणे वेगळे. ती आपल्या सहीने मांडणे वा विकणे वेगळे. प्रतीवर ‘अमुकांच्या चित्रावरून’ असे लिहिण्याची जुनी रीत पडद्यावरही पाळावी.

या साऱ्याची निकड आज अधिक आहे. 2022 पासून केवळ शब्द लिहून चित्र मिळवण्याची यंत्रे सर्वांच्या हाती आली. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव लिहून लोकांनी त्याच्या धाटणीची हजारो चित्रे यंत्राकडून काढून घेतली. त्याने आपली व्यथा जाहीरपणे मांडली. वरवर पाहता हेही शैलीचे अनुकरणच. परंतु देवळालीकरांच्या शाळेत अनुकरणाच्या शेवटी एक बेंद्रे उभा राहत असे. येथे चित्र तयार होते, चित्रकार तयार होत नाही. झाडाची सावली निळसर का दिसते, हे त्या नाव लिहिणाऱ्याला पूर्वीइतकेच अज्ञात राहते.

म्हणून पडद्याला नावे ठेवण्यापेक्षा पडद्यासमोर बसलेला काय करतो, ते विचारावे. इंदूर, देवास, बडोदे येथील अनेक जुन्या घरांच्या भिंतींवर त्या पिढीची लहानमोठी निसर्गचित्रे असतील. काहींच्या सह्याही पुसट झाल्या असतील. ती खाली उतरवून नातवंडांना जवळून दाखवावीत, ब्रशचा फटकारा कोठे सुरू होतो आणि कोठे सुटतो ते त्यांना शोधू द्यावे. त्यानंतर त्यांनी हाती कुंचला घ्यावा की स्टायलस, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.