डीजेच्या गाडीचा पूर्वज

कुंभार पिंपळगावच्या वरातीत डीजेची गाडी शिरली की खिडक्यांची तावदाने थरथरतात. या गाडीचा पूर्वज मात्र नुसता ऐकू येण्यासाठी झगडत होता.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विनने आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर स्वर गिळून टाकी. ती दाबणे हीच खरी कसोटी. अटलांटिक सिटीच्या रेडिओ-संमेलनात मांडणीला जागा नव्हती, तेव्हा पठ्ठ्याने बाहेरच गाडी उभी करून आवाज वाढवला आणि मागण्या मिळवल्या! 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओचे.

पुढे अडचण शक्तीची. आवाज ३ डेसिबलने वाढवण्यास दुप्पट शक्ती लागते. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी अपुरी पडते, म्हणून डीजेवाले जनरेटर वाहतात.

भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.