कापसाने नाकारलेला रंग आणि जालन्याची पऱ्हाटी

सुती कापड रंगवल्यावर धुण्याच्या पाण्यातून वाहून जाणारा रंग हा कापसानेच नाकारलेला असतो. तो कापसाच्याच टाकाऊ काड्यांनी टिपता येईल का? जालना जिल्ह्यात या प्रश्नाला वजन आहे. वेचणी संपली की तेथे शेतोशेती पऱ्हाटी उरते. काही चुलीत जाते, बरीचशी बांधावर जळते. तेथील प्रसिद्ध मोसंबीची सालही रस निघाल्यावर कचराच ठरते.

वनस्पतींनी पाणी शुद्ध करण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाण्यासाठी कतक, म्हणजे निवळीचे बी, सांगितले आहे. मात्र निवळी गाळ खाली बसवते. विरघळलेल्या रंगाची गोष्ट वेगळी.

ती उकलली १७८५ मध्ये. लाकडी कोळसा द्रावणाचा रंग शोषून घेतो, हे सेंट पीटर्सबर्गच्या तोबियास लोविट्झने पाहिले. पुढे साखर शुभ्र करणाऱ्यांनी ही युक्ती उचलली. १९१८ मध्ये तर अमेरिकेत पीचच्या आठळ्या आणि अक्रोडाची टरफले लोकांकडून गोळा केली गेली. त्यांचा कोळसा सैनिकांच्या विषारी वायूरोधक मुखवट्यांत भरला गेला. कचऱ्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल!

इकडे १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने जांभळा कृत्रिम रंग बनवला आणि बरोबर शंभर वर्षांनी धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे ‘रिॲक्टिव्ह’ रंग बाजारात आले. मेख येथेच आहे. पाण्यात कापसाचा तंतू किंचित ऋणभारित असतो आणि हे रंगही ऋणभारित. म्हणून रंगाऱ्याला भरपूर मीठ घालावे लागते, तरीही काही रंग पाण्यातच राहतो.

पऱ्हाटी आणि मोसंबीची सालही त्याच स्वभावाची. प्रयोगशाळेत सालीच्या भुकटीने मिथिलिन ब्लूचे निळे पाणी झरझर निवळते, कारण १८७६ चा तो रंग धनभारित आहे. तेवढ्यावरून रंगशाळेच्या सांडपाण्याचा निकाल लावणे घाईचे होय. तेथे पाणी आम्लधर्मी करावे लागते किंवा लोविट्झच्या वाटेने काडीचा कोळसा करावा लागतो.

महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या आधी पाच वर्षे. तरीही २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली.

शिवाय भुकटी रंग नष्ट करत नाही, फक्त स्वतःकडे घेते. ती उकिरड्यावर पडली, तर पहिल्या पावसात त्यातला काही रंग पुन्हा ओढ्याला लागू शकतो.