क्लेमॅटिस : एका वेलीचा इतिहास आणि तिची छाटणी



पावसाळा सरत आला की सह्याद्रीच्या घाटांतून जाळ्याझुडपांवर पांढऱ्या फुलांची एक रानवेल पसरलेली दिसते. तिला आपल्याकडे रानजाई म्हणतात. तिचीच एक बहीण मोरवेल ह्या नावाने ओळखली जाते. जाईशी ह्या दोघींचे काडीचेही नाते नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी त्या क्लेमॅटिस ह्या प्रजातीतल्या, आणि ह्या प्रजातीच्या सुमारे तीनशे जाती जगभर विखुरलेल्या आहेत. गंमत अशी, की ह्या वेलींच्या फुलांत आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच. कळीवरचे बाहेरचे आवरण, म्हणजे संदले, तीच रंगून पाकळ्यांचे काम करतात.

परंतु आज मला बोलायचे आहे ते ह्या वेलीच्या विलायती संसाराविषयी. इंग्लंडात घरापुढे टीचभर बाग असली तरी तिच्या कुंपणावर क्लेमॅटिस चढवलेली आढळते. तेथील बागकामाच्या पुस्तकांत तिच्या छाटणीचे तीन नियम दिलेले असतात. एका प्रकारची वेल फुलून गेल्यावर छाटावी. दुसरीची केवळ सुकलेली टोके काढावी. तिसरी मात्र हिवाळा संपताना जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून सरसहा उडवून टाकावी. नवख्या माणसाला हा सगळा लहरी कारभार वाटतो. वस्तुतः हे तीन नियम म्हणजे त्या वेलींच्या तीन माहेरांची आठवण आहे, आणि ती माहेरे एकत्र कशी आली हाच तिचा इतिहास.

इंग्लंडची स्वतःची रानटी क्लेमॅटिस एकच. १५९७ साली जॉन जेरार्ड ह्या वनस्पतिज्ञाने आपल्या ग्रंथात तिला ‘वाटसरूंचा आनंद’ अशा अर्थाचे नाव दिले. फ्रान्सात मात्र तिला भिकाऱ्यांची वेल म्हणत, कारण तिच्या रसाने कातडीवर फोड उठतात आणि ते दाखवून भीक मागणे सोपे जाई! बागेत लावण्याजोगी पहिली परदेशी क्लेमॅटिस दक्षिण युरोपातून १५६९ साली आली, तिचे नाव विटिसेला. फूल लहान, जांभळे, मान खाली घातलेले. पण वेल काटक. ही नव्या फुटव्यावर फुलते, म्हणून ती खालून कापली तरी बिघडत नाही, उलट जोमाने येते.

पुढची पावणेतीनशे वर्षे ह्या साध्या फुलांवर लोक समाधानी होते. पूर्वेची दारे उघडली तेव्हा हे समाधान संपले. १७७५ साली थुनबर्ग हा स्वीडिश वैद्य डच कंपनीच्या नोकरीत जपानला गेला. जपान्यांनी परकीयांना नागासाकीजवळच्या एका चिमुकल्या बेटावर कोंडल्यासारखे ठेवले होते, तरी ह्या गृहस्थाने वनस्पती जमवल्याच. चीनमधून जपानी बागांत आलेल्या फ्लोरिडा ह्या क्लेमॅटिसचे वर्णन त्याने १७८४ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १८३०च्या दशकात फॉन सीबोल्ड ह्यांच्यामार्फत जपानची पेटन्स ही जात युरोपात पोचली. ह्या दोघींची फुले बशीएवढी, पण ती गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर येतात. ती काडी कापणे म्हणजे त्या वर्षीचा बहारच कापणे होय.

ह्याच सुमारास एक माहेरवाशीण आपल्या देशातूनही गेली. हिमालयाच्या उतारांवरची माँटाना ही वेल १८३१ साली इंग्लंडात आली आणि तिचे श्रेय लेडी ॲमहर्स्ट ह्यांना दिले जाते. त्यांचे यजमान १८२३ ते १८२८ ह्या काळात आपले गव्हर्नर-जनरल होते. ही वेल वसंतात एकदाच, पण अंगभर फुलते, आणि तीही जुन्या काडीवर. म्हणून तिची छाटणी बहार ओसरल्याबरोबर करायची, म्हणजे पुढच्या वर्षाच्या काडीला वाढायला अवधी मिळतो.

आता ह्या कथेतला महत्त्वाचा माणूस : रॉबर्ट फॉर्च्यून. चीनमधून चहाची रोपे आणि चहा करणारे कसबी कामगार हिंदुस्थानात आणण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ साली त्याला नेमले होते. आपण सकाळी जो पेला तोंडाला लावतो त्याच्या इतिहासात त्याचे नाव आहेच. त्याच सफरीत, १८५० साली, निंगबो शहराजवळच्या डोंगरांत त्याला लॅन्युजिनोझा ही क्लेमॅटिस सापडली. इतके मोठे फूल युरोपने ह्या प्रजातीत पाहिलेले नव्हते.

सरे परगण्यात वोकिंग येथे जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. तेथे १८५८ साली ह्या चिनी वेलीच्या फुलांवर विटिसेलाच्या वंशातल्या वेलींचे पराग घालण्यात आले. रोपे १८६२ साली फुलली आणि त्यांतली एक पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. तीच जॅकमनी. मखमली गडद जांभळी, आईसारखी मोठी, आणि बापाप्रमाणे नव्या फुटव्यावर फुलणारी. अशी सोय आजवर कोणत्याच क्लेमॅटिसने दिली नव्हती. लोक वेडे झाले. रोपवाटिकांतून नवनव्या जातींची रीघ लागली. १८७२ साली टॉमस मूर आणि धाकटे जॉर्ज जॅकमन ह्यांनी ह्या एका फुलावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

आणि मग मर आली. १८८०च्या दशकात डवरलेली वेल, कळ्यांनी भरलेली, दोन दिवसांत माना टाकी, पाने काळी पडत आणि जमिनीपर्यंत वाळून जाई. रोपवाल्यांनी वाट्टेल ते उपाय करून पाहिले. अनेकांनी हे पीकच सोडले. विल्यम रॉबिन्सन हा त्या काळचा फार तिखट लेखणीचा उद्यानशास्त्रज्ञ. त्याने खापर फोडले ते कलमांवर. रानटी क्लेमॅटिसच्या खुंटावर घाईघाईने बांधलेली कलमे विकली जातात, त्याचे हे फळ, असे त्याचे मत होते. त्यात राग अधिक आणि पुरावा कमी होता. खरा गुन्हेगार १९१५ साली अमेरिकेत उघडकीस आला. न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात ग्लॉयर ह्यांनी दाखवले, की एक बुरशी वेलीचे खोड पोखरते. मोठ्या फुलांच्या जाती तिला लवकर बळी पडतात, तर विटिसेला आणि माँटाना सहसा निभावून नेतात. फुलाच्या आकारासाठी जे चिनी रक्त घेतले, त्याच्याबरोबर हा नाजूकपणाही आला.

रॉबिन्सन ह्यांचा तर्क चुकला, पण त्यांचा हात बरोबर पडला. ससेक्समधल्या ग्रेव्हटाय येथे त्यांनी आणि त्यांचे माळी अर्नेस्ट मार्कम ह्यांनी विटिसेलाच्या वंशाकडे पुन्हा लक्ष दिले. लिऑनचे रोपवाले फ्रान्सिस्क मॉरेल ह्यांनी आपली विटिसेलाची रोपे त्यांच्या स्वाधीन केली होती. रॉबिन्सन ह्यांचे क्लेमॅटिसवरील पुस्तक १९१२ साली आले, मार्कम ह्यांचे १९३५ साली. माळ्याने धन्याच्या बागेत शिकून स्वतःच्या नावाने ग्रंथ लिहावा, ही त्या समाजात लहान गोष्ट नव्हती. मला तर ह्या इतिहासात सर्वांत आवडणारा माणूस हाच.

आपणांपैकी कोणाचे घर थंड हवेच्या ठिकाणी असेल, तर त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ह्या संकरित वेली रमत नाहीत. त्यांना हिवाळ्याची झोप लागते. खड्डा खोल घ्यावा, कुजलेले शेणखत घालावे, आणि रोप कुंडीत होते त्याहून दोन-तीन इंच खोल लावावे. वरची वेल उन्हात, पण मुळाशी सावली हवी. एखादी फरशी किंवा बुटके झुडूप पुरते. आधाराला तार किंवा बारीक काटक्यांची ताटी द्यावी, कारण ही वेल पानांच्या देठांनी धरते आणि जाड खांबाला त्या देठांचा विळखा बसत नाही. मर आलीच, तर रोगट काडी निरोगी भागापर्यंत कापून जाळावी, पण मूळ उपटू नये. खोल लावलेल्या वेलीचे डोळे मातीखाली शाबूत असतात, आणि कित्येकदा त्याच हंगामात, नाहीतर पुढच्या वसंतात, तेथून कोंब वर येतो.