पॅरिशचा रस्ता

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याच्या पॅरिश कौन्सिलचे वार्तापत्र चाळले, तर त्यातला बराचसा मजकूर रस्त्यासंबंधीचा असतो. पुलाच्या दुरुस्तीसाठी अमुक रस्ता काही दिवस बंद राहील, बाजारच्या गावी जाणारी दुपारची बस यापुढे सुटणार नाही, वळणावरच्या खड्ड्याविषयी काउंटी कौन्सिलास पुन्हा स्मरणपत्र धाडले आहे, गावाच्या नियोजन-आराखड्यावर सूचना व हरकती मागविण्यात येत आहेत, अशा बातम्या तेथे एकाखाली एक छापलेल्या असतात. आणि त्या वाचताना असे ध्यानात येते की, यांपैकी फारच थोड्या बाबतींत निर्णय कौन्सिलच्या हाती असतो. ती कळविते, विनंती करते आणि उत्तराची वाट पाहते. ज्या पॅरिशच्या शिरावर त्या देशातील बहुतेक सर्व रस्त्यांचा भार तीनशेहून अधिक वर्षे होता, तिच्यावर अर्जदाराची ही पाळी कशी आली, ही हकीकत इंग्रजांच्या स्थानिक कारभाराच्या इतिहासात मला फार उद्बोधक वाटते, आणि तिच्यात त्यांनी सहसा कबूल न केलेला एक विरोधही आहे.

पॅरिश हा मुळात धर्माचा घटक. एक चर्च, एक धर्मोपदेशक, त्याला दशांश देणारी शेते आणि त्या शेतांभोवतीची सीमा, एवढाच तिचा संसार. दरसाल वसंतात गावकरी धर्मोपदेशकासह ही सीमा पायी फिरत आणि सीमेच्या दगडांवर गावातल्या पोरांना आपटीत, अशासाठी की म्हातारपणी साक्ष देण्याचा प्रसंग आला तर खूण विसरू नये. नकाशे नसलेल्या काळात स्मृतीचे दप्तर ठेवण्याची ही पद्धत क्रूर असली तरी बिनखर्चाची होती. ट्यूडर राजांपाशी पगारी नोकरशाही जवळजवळ नव्हती. तेव्हा गरिबांचे पोषण असो की रस्त्यांची डागडुजी, जे काम सरकारच्या मनात येई ते या आयत्या घटकावर सोपविण्यात येई. चर्चच्या एका खोलीत भरणारी गावसभा, जिला व्हेस्ट्री म्हणत, ती अशा रीतीने हळूहळू दिवाणी कारभाराची कचेरी होऊन बसली.

रस्त्याविषयीची राजाची पहिली चिंता त्याच्या पृष्ठभागाची नव्हती, त्याच्या कडेच्या झुडपांची होती. १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्याने बाजारच्या गावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची दोनशे दोनशे फूट जागा झाडीझुडपे तोडून मोकळी करण्याचा हुकूम दिला, कारण त्यांत दरोडेखोर दबा धरून बसत. मोठे ओक वृक्ष तेवढे वगळले होते. चिखलाचा विचार व्हावयास आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली. १५५५ साली मेरी राणीच्या राज्यात जो कायदा झाला, त्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतील रस्त्यांची जबाबदारी टाकली. ज्याची नांगरभर जमीन किंवा बैलजोडी असेल त्याने गाडी आणि दोन धडधाकट माणसे पाठवावीत, इतर कुटुंबवाल्यांनी स्वतः यावे अथवा बदली माणूस द्यावा, आणि वर्षातले चार दिवस, रोज आठ तास, रस्त्यावर काम करावे, मजुरी मागू नये, असे त्याचे स्वरूप होते. कायदा होता सात वर्षांपुरता. पण १५६३ साली त्याची मुदत वाढली आणि चार दिवसांचे सहा झाले. आपल्याकडे ज्याला वेठबिगार म्हणत त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे तो सरंजामदाराच्या मर्जीने चाले आणि तेथे पार्लमेंटच्या कलमाने.

या वेठीवर देखरेख ठेवण्यासाठी गावकऱ्यांतूनच मार्ग-सर्व्हेअर निवडला जाई, आणि त्याच्याइतका दयनीय अधिकारी इंग्लंडच्या इतिहासात मिळणे कठीण. त्याला वेतन नसे, रस्तेबांधणीचे ज्ञान नसे, आणि नकार देण्याची सोय नसे. पुढे १६९१च्या कायद्याने तर नेमणूक नाकारणाऱ्यास पाच पौंड दंड ठरविला. वर्षभर आपली शेती सांभाळून त्याने रस्ते पाहावेत, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कामाचे दिवस जाहीर करावेत, आणि ठरल्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारी जाऊन त्यांना बाहेर काढावे. जो येणार नाही त्याचे नाव न्यायाधीशांना कळवावे, आणि वर्ष संपले की त्याच शेजाऱ्यांमध्ये पुन्हा राहावे. त्याने किती नावे कळविली असतील याचा तर्क कोणालाही करता येईल. एसेक्समधील रॅडविंटरचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात याविषयी कडक तक्रार केली आहे: श्रीमंत लोक आपला वाटा टाळतात, गरीब लोक काम रेंगाळत करतात, आणि सहा दिवसांच्या कामापैकी जेमतेम दोन दिवसांचे नीट होते. त्यातही पुष्कळसे काम सार्वजनिक रस्त्यावर न होता सर्व्हेअरच्या स्वतःच्या शेताकडे जाणाऱ्या वाटांवर होई, हे तो सांगतो, तेव्हा वाचक मराठी असल्यास त्याला परका मुलूख फारसा परका वाटत नाही.

रस्ता बिघडला तर खटला सर्व्हेअरवरच नव्हे, अख्ख्या पॅरिशवर भरता येई. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मुंबईकरांच्या परिचयाचे जे. पी., तिमाही न्यायसभेत बसून गावाला आरोपी ठरवीत, दंड करीत आणि तो रस्त्यावरच खर्च करावयास लावीत. या जे. पी. मंडळींचा मुंबईशी आलेला संबंध केवळ मानाच्या पदवीचा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. १७९३च्या सनदी कायद्याने इलाख्याच्या शहरांतील रस्त्यांची दुरुस्ती आणि झाडलोट याच पदाधिकाऱ्यांकडे दिली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई प्रभृती एतद्देशीयांचा त्यांत समावेश झाला. इंग्लंडच्या खेड्यातल्या चिखलासाठी निर्माण झालेले यंत्र मुंबईच्या गटारांवर नेऊन बसविण्यात आले, आणि १८६५ साली त्यातूनच शहराच्या म्युनिसिपल कारभाराला कायद्याने घडी बसली.

पॅरिशची ही व्यवस्था मोडली ती मुख्यत्वे आळसामुळे नव्हे, अन्यायामुळे. गावाने आपल्या वापरापुरता रस्ता आपल्या श्रमाने राखावा हे समजण्यासारखे आहे. पण लंडनहून उत्तरेकडे जाणारा थोरला रस्ता ज्या दुर्दैवी खेड्यांतून जाई, त्यांनी राजधानीच्या माल्टचे आणि धान्याचे अवजड गाडे आपल्या फुकट कष्टाने का वाहते ठेवावेत? हर्टफर्डशरमधील गावांनी हा प्रश्न पार्लमेंटापुढे नेला, आणि १६६३ साली वेड्समिल, कॅक्स्टन व स्टिल्टन या तीन ठिकाणी वाहनांकडून पैसे घेणारे नाके बसविण्याची परवानगी मिळाली. स्टिल्टनच्या लोकांचा विरोध इतका की तेथला नाका उभाच राहिला नाही. पुढच्या शतकात असे नाके चालविणाऱ्या विश्वस्त मंडळांचे पीक सर्व देशात आले. १८३०च्या सुमारास त्यांची संख्या हजारावर होती आणि त्यांच्याकडे सुमारे २२,००० मैल रस्ते होते. नाक्यांची वसुली बहुधा लिलावाने इजाऱ्यावर दिली जाई, आणि इजारदाराची वृत्ती सर्व देशांत सारखीच. ब्रिस्टल आणि लीड्सच्या आसपास नाके फोडले गेले. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकरी रात्री बायकांचा पोशाख करून, चेहरे काळे करून, कुऱ्हाडींनी फाटके तोडू लागले. बायबलातील रिबेकाच्या वंशजांना शत्रूंची द्वारे हस्तगत होतील असा आशीर्वाद असल्याने या टोळ्यांच्या म्होरक्याला ते रिबेका म्हणत. सरकारने फौज पाठविली, चौकशी नेमली, आणि १८४४ साली दक्षिण वेल्समधील नाक्यांची व्यवस्था कायद्याने बदलली. कुऱ्हाडीने केलेल्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते, हा अनुभव राज्यकर्त्यांनी प्रजेला वारंवार का आणून द्यावा हे कोडे आहे.

मॅकॅडम या रस्तेबांधणी करणाऱ्याच्या फोडलेल्या खडीने जे रस्ते गुळगुळीत झाले ते बहुतेक या नाकेवाल्यांचे. पॅरिशच्या पदरी लाखभर मैल आडरस्ते उरलेच होते, आणि त्यांवर १५५५ची वेठ चालूच होती. ती १८३५च्या कायद्याने अखेर संपली आणि तिच्या जागी रोख पट्टी आली. त्याच सुमारास रेल्वे अवतरली, डाकगाड्या बंद पडल्या, नाक्यांचे उत्पन्न आटले, आणि विश्वस्त मंडळे एकामागून एक मोडीत निघाली. शेवटच्या मंडळाचा अंत, अँगलसी बेटावर, १८९५ साली झाला. त्यांनी टाकलेले रस्ते पुन्हा पॅरिशच्या गळ्यात पडू लागले, तेव्हा अनेक पॅरिशांचे मिळून मोठे मार्गजिल्हे करण्याचा अधिकार १८६२च्या कायद्याने न्यायाधीशांना देण्यात आला.

यानंतर जे घडले ते मोठे मौजेचे आहे. आपला रस्ता शेजारच्या गावांबरोबर एका दप्तरात जाऊ नये म्हणून अनेक चिमुकल्या खेड्यांनी शहरांसाठी केलेला १८५८चा स्थानिक कारभाराचा कायदा स्वतःला लावून घेतला, आणि काहीशे वस्तीची गावे कागदोपत्री नगरे बनली. हा लोंढा इतका वाढला की ३,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावाला तो कायदा लागू करण्यास पार्लमेंटला १८६३ साली बंदी करावी लागली. यात पट्टी वाचविण्याचा स्वार्थ होता हे खरे. परंतु ज्या ओझ्याखाली तीन शतके कुरकुर केली तेच ओझे दुसऱ्याने उचलू पाहताच त्याला कवटाळून बसणे, हे केवळ हिशेबाने उलगडत नाही. रस्ता खराब असो, पण त्याविषयी भांडण कोणाशी करावयाचे तो माणूस गावातच राहत असे.

१८९४ साली इंग्लंडच्या खेड्याला निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल मिळाली. ८४ वर्षांच्या पंतप्रधान ग्लॅडस्टनने १ मार्च रोजी कॉमन्स सभेत केलेले अखेरचे भाषण याच विधेयकात लॉर्डांनी घातलेल्या मोडत्याबद्दल होते. ३०० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला कौन्सिल मिळाली. शेतमजुराला जमीनदाराच्या बरोबरीने मत मिळाले. विवाहित स्त्रियांना सुद्धा मतदानाचा आणि उमेदवारीचा अधिकार मिळाला, जो पार्लमेंटच्या बाबतीत मिळण्यास अजून चोवीस वर्षे अवकाश होता. दुसरी बरी जागा मिळत असेल तर सभा दारूच्या गुत्त्यात भरवू नये, अशी तरतूदही कायद्यात होती, यावरून गावाचे पूर्वीचे सभागृह कोणते याचा बोध होतो. पण त्याच कायद्याने रस्ते ग्रामीण जिल्हा कौन्सिलांकडे सोपविले, आणि १९३० साली ते तेथूनही काउंटीकडे गेले. पॅरिश कौन्सिलने पौंडामागे तीन पेन्सांवर खर्च करावयाचा तर गावसभेची संमती घ्यावी आणि सहा पेन्सांवर जाऊच नये, असे बंधन होते. गावाच्या माथी रस्ता होता तेव्हा गरीब गावकऱ्याला मत नव्हते, आणि मत आले त्याच कलमांनी रस्ता नेला. मला हा केवळ योगायोग वाटत नाही. मजुरांच्या हाती कौन्सिल जाणार हे दिसत असताना पट्टीचा मोठा भाग तिच्या आवाक्याबाहेर ठेवणे जमीनदार वर्गाला गैरसोयीचे नव्हते.

आपल्या जुन्या मुंबई इलाख्याकडे पाहिले तर क्रम थोडा निराळा, पण दुखणे त्याच जातीचे दिसते. १८६३ पासून शेतकऱ्याकडून सारा-रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई; तो शाळा, रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांकडे लागे, आणि तो कोठे लागावा हे ठरविण्यात शेतकऱ्याचा आवाज नसे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे कायद्याने आली, म्हणजे इंग्लंडमधील काउंटी कौन्सिलांच्या चार वर्षे आधी! अर्थात मतदारांची संख्या अल्प आणि सरकारी अधिकाऱ्याचा हात बळकट असल्याने, या अग्रमानाचा गर्व वाहण्याचे कारण नाही.

रस्ता हातचा गेल्यावर इंग्लिश पॅरिशकडे पायवाट राहिली. शेताच्या बांधावरून, कुंपणातल्या पायऱ्या चढून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांची दुरुस्ती करण्याचा, आणि वहिवाटीची कोणतीही वाट बंद करण्यास संमती नाकारण्याचा अधिकार १८९४च्या कायद्याने कौन्सिलला दिला होता. तो किरकोळ दिसतो, पण जमीनदार नांगराच्या एका फेऱ्यात शतकांची वाट मोडू शकत असताना त्याची किंमत गावकरी जाणून होते. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यान्वये काउंट्यांनी पायवाटांचे अधिकृत नकाशे करावयाचे ठरले, तेव्हा पहिली माहिती पॅरिशांनीच गोळा केली. वृद्धांना विचारीत आणि स्वतः चालत जाऊन सभासदांनी वाटा नोंदविल्या. १९५७च्या कायद्याने रस्त्याकडेची बाके व निवारे, दिवे आणि सार्वजनिक घड्याळे यांची मुभा कौन्सिलला दिली. निवारा कौन्सिलचा आणि बस दुसऱ्याची, अशी विभागणी झाली. १९८६ साली लंडनबाहेरची बसवाहतूक खुल्या स्पर्धेवर सोडल्यानंतर कित्येक ठिकाणी निवारे उरले आणि बस गेली. १९९७ साली गावच्या सामुदायिक बसला पैसे देण्याचा आणि वाहनांचा वेग रोखणाऱ्या कामांना हातभार लावण्याचा अधिकार तिला मिळाला, तो या पोकळीमुळेच.

२०११च्या कायद्याने पॅरिशांना स्वतःच्या परिसराचा विकास-आराखडा करून तो सार्वमताला घालण्याची सोय झाली, आणि २०१३ साली कंब्रियातील अपर ईडन खोऱ्याच्या पॅरिशांचा असा आराखडा सर्वांत आधी मतदानाने संमत झाला. घरे कोठे व्हावीत, मोकळी जागा कोणती राखावी, हे गाव आता काही अंशी ठरवू शकते. या आराखड्यांसाठी सभा बोलावल्या की लोक येतात ते बहुधा मोटारींच्या वेगाविषयी, शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांविषयी आणि खड्ड्यांविषयी बोलावयास; परंतु आराखड्याच्या कलमांत केवळ जमिनीचा उपयोग आणि बांधकाम एवढेच विषय बसतात, म्हणून आराखडा तपासणाऱ्या परीक्षकाच्या सल्ल्यावरून ही सारी गाऱ्हाणी गावच्या आकांक्षा या शीर्षकाखाली परिशिष्टात घालण्यात येतात, आणि त्या परिशिष्टाची एक प्रत काउंटीच्या मार्गखात्याकडे रवाना होते.